बाळाचं नाव बदललं त्या वर्षी

१८ मे

सगळ्यांत आधी कोण टपकलं असेल? बुदखंदच! अजून चहाला उकळी फुटली नव्हती तोवर हिची मोटारसायकल दाराशी. स्वतः चालवत नाही, भाच्याच्या मागे बसून येते, लोकरीच्या पोत्यासारखी. "म्हटलं, शेजारीण एकटी पडली असेल, हातभार लावावा." हातभार कसला! मांसाच्या परातीशी बसली ती दिवस मावळेपर्यंत हलली नाही. शेजारीण म्हणजे तरी काय, मधे दोन टेकड्या आहेत. पण आमच्याकडचा धूर जरा जाड निघाला की हिला कळतं.

आज बिल्गूनचं जावळ काढलं. माझा नातू! तिसरं लागलं त्याला. लेक नारमंदाख शहरातून आली. जावई नाही आला — दक्षिणेत खाणीवर ट्रक चालवतो, सुट्टी देत नाहीत. पहिली बट कापायचा मान सशाच्या वर्षात जन्मलेल्याचा, असं पोथीत निघालं. बुदखंद घोड्याच्या वर्षातली. फुगून बसली! मग मी तिच्या ताटात मेंढ्याच्या शेपटीची चरबी जरा जास्त वाढली, तेव्हा कुठे उतरली.

आणि काय दिसत होतं लेकरू! नवा निळा अंगरखा, मी शिवलेला — बाह्या लांब झाल्या, असू देत, वाढेल. हातात निळ्या रेशमाची पट्टी बांधलेली कात्री, गळ्यात केसांची पिशवी. एकेका पाहुण्यापुढे जायचं, डोकं पुढे करायचं. पाहुण्याने एक बट कापायची, आशीर्वाद द्यायचा, भेट बोलायची. कुणी कोकरू बोललं, कुणी करडू, माझ्या भावाने तर शिंगरू बोललं! अर्धी फेरी झाली आणि बाळ डावा पाय ओढायला लागला. भाऊ म्हणाला, "अरे, हा तर माझ्या म्हाताऱ्या उंटासारखा चालतो!" सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसले. मग तो मधेच खाली बसला, कात्री बाजूला ठेवली, "आजी, घे" म्हणाला. उरलेली फेरी मी कडेवर घेऊन केली.

"बूट चावत असेल," बुदखंद म्हणाली. "नवा आहे ना."

बूट नवाच आहे.

१९ मे

बूट काढला, आत हात घालून पाहिलं. खिळा नाही, काटा नाही. नारमंदाख परत शहरात गेली, तिथे शिवणकामाच्या कारखान्यात आहे. जाताना त्याच्या दोन्ही गालांचा वास घेत बसली, गाडीवाला ओरडेपर्यंत. "आई, त्याच्या पायाकडे बघ गं." बघते की! दुसरं काय बघते मी दिवसभर!

२७ मे

बिनबुटाचाही लंगडतो.

मला वाटलं बोकडावरून पडला त्या दिवशी लागलं असेल. हो, बोकडावर बसायचा नाद आहे त्याला! लहानपणी नारमंदाखही अशीच, आणि मीही, म्हणतात. मला एकदा बोकडाने थेट नदीत नेऊन टाकलं होतं — ते जाऊ दे.

विचारलं, "कुठे दुखतं रे?" तर गुडघा दाखवतो, मग मांडी, मग दुसरीच मांडी. "काय होतं?" — "लांडगा चावतो." तंबूबाहेर चल म्हटलं की नको. करडांना हाकलायलाही नको. हे मला बरं नाही वाटलं. करडं दिसली की आत न थांबणारं पोर ते.

हे सगळं मी लिहिते कशाला? चार हिवाळे शाळेत गेले तेवढीच माझी अक्षरं. पण म्हाताऱ्याशी बोलायचं तर तो "हं" म्हणतो आणि खोगिराला तेल लावत बसतो. कागद निदान "हं" तरी म्हणत नाही!

२९ मे

म्हाताऱ्याने चुल्तेमदादाला आणलं. पंचक्रोशीतली निखळलेली हाडं तोच बसवतो, माणसांचीही आणि घोड्यांचीही. बाळाला मांडीवर घेतलं, लोणी लावून पाय चोळला. "शीर वळली आहे. तीन वेळा चोळली की सुटेल." बाळ इतका रडला की कुत्रंसुद्धा रडायला लागलं.

३१ मे

आज लंगडला नाही! सकाळपासून करडांच्या मागे. चुल्तेमदादाला वाळवलेल्या दह्याच्या वड्या भरून पाठवल्या, मोठी पिशवी. त्याचा हात सोन्याचा आहे, मी सगळ्यांना सांगितलं.

२ जून

परत लंगडतो. आता उभाच राहत नाही. अंग कोमट. डोळ्यांखाली काळं झालंय, जसं कुणी बुक्की मारली. बुदखंद बघून म्हणाली, "कोणाशी मारामारी केलीस रे पैलवाना?" तो हसला नाही.

३ जून

तालुक्याला जाऊन आलो. निघताना संध्याकाळ होत आली होती, म्हणून मी बाळाच्या कपाळाला चुलीची काजळी लावली — वाईट नजरेला वाटावं, हे पोर नाही, ससा आहे. डॉक्टरीण नवीच आहे, सारनाय नाव, पोरगीच दिसते. काजळी बघून हसली. "आजी, माझी आईपण लावायची." तिथेच मला ती आवडली.

पाय बघितला. मग पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तिथेच थांबली. मी म्हटलं, "पोरी, पाय खाली आहे." मग तिने रक्त घेतलं. जिल्ह्याला पाठवते म्हणाली, तिथून ते थेट फोन करतील, फोन आला की त्याच दिवशी निघायचं, गाडी मी बघते. फोन नंबर माझाच दिला. नारमंदाखला कारखान्यात फोन जवळ ठेवू देत नाहीत.

"काय झालंय?" विचारलं.

"आधी रक्ताचं कळू दे आजी."

परतीला म्हातारा आणि मी एक शब्द बोललो नाही. तसा तो नेहमीच बोलत नाही. मी बोलले नाही, हे नवीन!

९ जून

फोन काही येत नाही. डबा बांधलाय खांबाला, तिथेच रेंज येते, त्यात फोन ठेवून दर वेळी जाता-येता बघते.

म्हाताऱ्याने लामाला बोलावलं. वृद्ध आहे, आमच्या लग्नाचा दिवस त्यानेच काढून दिला होता. त्याने पोथी उघडली, पोराचा हात हातात घेतला, बराच वेळ पुटपुटला. म्हणाला, "डॉक्टरकडे जाताय ते चांगलं करताय. पण नाव जड झालंय. बिल्गून म्हणजे शहाणपण. एवढं मोठं नाव, आणि हाडं बघ केवढीशी." मग बाळाच्या कानात तीन वेळा नवं नाव सांगितलं: नेरगुई. म्हणजे बिननावाचा. बिननावाच्या पोराकडे दुखणं कसं पोचणार? माझ्या थोरल्या चुलत्याचं असंच 'माणूस नव्हे' ठेवलं होतं, तो नव्वद वर्षं जगला.

आणि बजावलं: जुनं नाव आता घरात कुणी घ्यायचं नाही. बाहेरचा अनोळखी कुणी त्या नावाने विचारत आला तर सांगायचं, असा कुणी इथे नाही. "दुखणं नाव विचारतच येतं," म्हणाला. "गोड आवाजात येतं."

या पानापासून मीही लिहिणार नाही.

११ जून

सगळे विसरतात! सगळ्यांत जास्त तोच. म्हटलं, "नेरगुई, दूध घे." तर म्हणतो, "नेगुई नाही. मी—" मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्याला वाटलं खेळ आहे. आता मुद्दाम म्हणतो आणि माझ्या हाताची वाट बघत हसतो. किती दिवसांनी हसला!

१५ जून

आज आलं!

फोन वाजला, मी धावत गेले. बाईचा आवाज, अनोळखी. एकदम गोड. "अमुक मुलाचं घर का?" — आणि तेच नाव घेतलं! मी म्हटलं, "असा कुणी इथे नाही." ती म्हणाली, "नक्की? तीन वर्षांचा मुलगा?" वय पण माहीत! म्हटलं, "इथे मूलच नाही. चुकीच्या ठिकाणी आलात. परत जा." आणि बंद केला. आवाज नाही थरथरला हो! खमकेपणाने बोलले.

वाईट पळावं म्हणून चुलीवर जुनिपरचा पाला टाकून धूर केला. म्हाताऱ्याला सांगितलं. तो या वेळी "हं" नाही म्हणाला. म्हणाला, "बरं केलंस."

१६ जून

परत आलं. परत तेच नाव. या वेळी मी काही बोललेच नाही, फोनच बंद करून डब्यात टाकला.

बाळ आज थोडा चालला. बघा!

२० जून

उन्हाळी जागेवर आलो. तंबू, पेटी, चूल, सगळं एका दिवसात इकडे. बाळाला मी पुढ्यात घेऊन ट्रकमध्ये बसले, प्रत्येक खड्ड्याला तो कण्हायचा आणि मी ड्रायव्हरला शिव्या द्यायची. गवत यंदा छान आहे. रेंज नाही इथे, टेकडीवर चढावं लागतं. एका परीने बरंच झालं, म्हटलं. शोधत बसू दे त्या दुखण्याला.

जिल्ह्याचा फोन मात्र अजून नाही. सरकारी काम.

१ जुलै

खात नाही. वाडगाभर दुधातले दोन घोट. मांडीवर घेतला तरी दुखतं, खाली ठेवला तरी दुखतं. पोट तेवढं घट्ट झालंय.

म्हातारा चार दिवसांपूर्वी म्हणाला होता, तालुक्याला जाऊ. मग घोड्या हरवल्या, दोन दिवस त्यात गेले.

८ जुलै

दुपारी कुत्री भुंकली. बाहेरून हाक, "कुत्री धरा!" जीप. सारनाय आणि ड्रायव्हर. धुळीने माखलेली, ओठ फाटलेले. रामराम नाही, जनावरं कशी आहेत नाही, थेट म्हणाली, "बिल्गून कुठाय?"

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "असा कुणी इथे—"

आणि आतून आवाज: "मी बिल्गून!" अंथरुणावर पडल्या पडल्या. माझ्या हाताची वाट बघत हसत होता.

सारनाय दारातच खाली बसली. म्हणाली, "आजी, जिल्ह्यातून तुम्हाला फोन आला नाही?"

"नाही."

"केला त्यांनी. दोनदा केला. बाई म्हणाली इथे मूलच नाही. मला कळवलं नंबर चुकीचा आहे. मी तुमच्या जुन्या जागी गेले, गवतावर तंबूचा नुसता गोल उरलेला. किती दिवस तंबू विचारत फिरतेय."

मग मी सांगितलं. लामाने काय सांगितलं, कसा गोड आवाज आला, मी कशी खमकेपणाने बोलले. आधी जोरात सांगत होते. सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं. शेवटचं वाक्य झालंच नाही.

ती रागावली नाही. मी दिलेला चहा दोन्ही हातांनी घेतला, ओठाला लावला, खाली ठेवला. म्हणाली, "आजी, ते दुखणं नव्हतं. आम्ही होतो."

म्हाताऱ्याने उठून घोड्यावर खोगीर घातलं. मग लक्षात आलं जीप आहे, परत काढलं. मग परत घातलं.

८ जुलै, नंतर

गेले. म्हाताराही बरोबर गेला. जिल्ह्याहून नारमंदाख येऊन शहरात नेईल. जीपमध्ये बाळ मला म्हणाला, "आजी, तू पण." म्हटलं, मेंढ्या कोण बघणार रे? मेंढ्या! हेच सुचलं मला. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून मागून दुधाचा शिडकावा केला, रस्ता दिसेनासा होईपर्यंत.

१० जुलै

मेंढ्यांकडे जाते, येते. तंबूत त्याचा बूट राहिलाय. एकच.

२६ जुलै

म्हातारा त्यांना सोडून कधीच परतलाय. टेकडीवर चढून फोन लावला. वारा इतका की अर्धं ऐकू येत नव्हतं. नारमंदाख म्हणाली, पोटात गाठ आहे. तिची मुळं हाडांत गेलीत, म्हणून पाय दुखत होता. पोटातलं दुखणं पायाला! मी आयुष्यभर जनावरं कापली, आतलं सगळं हाताने ओळखते. असलं कधी ऐकलं नाही. आम्ही पाय चोळत बसलो, लोणी लावून.

मग म्हणाली, "आई, तो फोन तू घेतला होतास ना?"

"हो."

"हं."

बापावर गेली आहे.

मी विचारलं, "लवकर गेलो असतो तर?" ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, वसंतातच पसरली होती." मग म्हणाली, "म्हणजे मला तसं सांगतात." मग रेंज गेली की तिने ठेवला, माहीत नाही. रागावली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी किती भांडायची माझ्याशी!

१२ ऑगस्ट

लामा घोडीचं दूध प्यायला आला होता. त्याला सगळं कळलंय. मला म्हणाला, "मी डॉक्टरकडे जा म्हणालो होतो." म्हटलं, "म्हणाला होतात." लामा म्हातारा झालाय फार. जाताना खोगिरावर चढता येईना, मी ढकललं. काय बोलू त्याला? माझ्याच तोंडाने बोलले ना मी फोनवर.

१९ सप्टेंबर

फोटो आला. डोक्यावर एक केस नाही, भुवया पण नाहीत. हातात नळी. पण हसतोय! बुदखंदला दाखवला, ती म्हणाली, "लामासारखा दिसतो गं." मग दोघी हसलो, आणि मग ती माझा हात धरून बसली, शेण्या गोळा करायच्या सोडून. बुदखंद!

३ ऑक्टोबर

बर्फ. लवकर पडलं यंदा.

४ नोव्हेंबर

फोन. नारमंदाख म्हणाली, "आई, आम्ही येतोय." मी म्हटलं, "सुट्टी दिली?" ती म्हणाली, "हो. मला कारखान्याने, त्याला दवाखान्याने."

मी टेकडीवरून घसरत खाली आले! या वयात! म्हाताऱ्याने हिवाळी जागेवर तंबूला आणखी एक लोकरीचा नमदा चढवला. मी दोन मेंढ्या कापायला लावल्या. एक पुरली असती.

१० नोव्हेंबर

आला! आला माझा राजा!

कसा हलका झालाय. नुकत्या व्यालेल्या बकरीच्या करडासारखा. पण ऐका: लंगडत नाही! गाडीतून उतरवला तर सरळ चालत माझ्याकडे आला. मी बघतच राहिले. डावा, उजवा, डावा, उजवा. म्हाताऱ्याला ओरडून दाखवलं, "बघ, बघ पाय!" तो बर्फाकडे बघत होता, डोळे पुसत. बर्फ डोळ्यांत जातं त्याच्या.

शहरातून थेंबांची बाटली दिली आहे. सकाळ, दुपार, रात्र. नारमंदाखच देते, मला हात लावू देत नाही. म्हटलं, परत कधी बोलावलंय दाखवायला? ती म्हणाली, "नाही बोलावलं." नाही बोलावलं! म्हणजे झालाच की बरा!

नाव? बिल्गून. आता मी वाऱ्यालाही ओरडून सांगेन.

१३ नोव्हेंबर

सगळ्यांना बोलावलं. किती माणसं आली, थंडी असूनही. बाळाने सगळ्यांना तोंडाने घोडा करून दाखवला, धावला, पडला, उठला. मी वाढता वाढता सांगत होते, "बघा, पाय बघा." बुदखंदला आज काय झालं होतं कोण जाणे, एक तुकडा उचलला नाही. म्हटलं, "दात दुखतात का गं?" तर "हो" म्हणाली आणि बाहेर गेली. हिला दातच नाहीत!

१७ नोव्हेंबर

म्हाताऱ्याने एक छोटं खोगीर बनवलंय. चिमुकलं, लाल. रात्रंदिवस तेच करत होता. मी म्हटलं, "एवढी घाई कसली? पाच वर्षांचा झाला की बसेल घोड्यावर. नियम तसाच आहे." म्हातारा म्हणाला, "आत्ताच बसू दे."

उद्या बसवणार म्हणे. नारमंदाखही नको म्हणाली नाही. ती तर विस्तवाला भिते, वाऱ्याला भिते, आणि घोड्याला नको म्हणाली नाही.

१८ नोव्हेंबर

बसला! म्हाताऱ्याने लगाम धरला, मी एका बाजूने, नारमंदाख दुसऱ्या बाजूने. तंबूभोवती एक फेरी. "अजून!" म्हणाला. अजून एक. "अजून!" गाल लाल, नाक वाहतंय, टोपी डोळ्यांवर. म्हातारा एवढा कधी बोलला नाही, एवढं घोड्याशी बोलत होता.

मग दमला. खूप झोपला.

२० नोव्हेंबर

सारनाय येऊन गेली. ड्रायव्हर गाडीतून उतरला नाही.

बाळाला तपासलं, त्याच्याशी खेळली, नारमंदाखला नवी बाटली दिली. मग मला मेंढ्यांच्या आडोशाला नेलं. म्हणाली, ते थेंब दुखणं कळू देत नाहीत, बरं करत नाहीत. म्हणून तो चालतो. चालेल तेवढं चालू द्या आजी, मागेल ते खायला द्या.

लेकीला माहीत होतं. म्हाताऱ्याला माहीत होतं.

बाटली पुरेल, पण शेवटच्या दिवसांत हाताला हात हवा, म्हणून परत येते म्हणाली. शुक्रवारी.